आधी ‘शँडी’ वाचायची की सिनेमा बघायचा?

फोंड्याच्या एका मित्राने लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ ही इंग्रजी कादंबरी मिळवलीय. तीवरचा मायकेल विंटरबॉटमचा २००५चा सिनेमा, ‘अ कॉक अँड बुल स्टोरी’, हाही त्याच्याकडे आहे. आधी काय, असं विचारतो. मी आधी पुस्तक धरलं, दीडशे पानांवर टाकलं, मग सिनेमा बघून पुन्हा पुस्तकाकडे आलो.

पुस्तकाच्या बाजूने बोलायचं तर असला चक्रम कथेकरी दुसरा नाही. नऊ खंड, १७५९ ते १७६७. नायक स्वतःची जीवनकथा सांगायला बसतो आणि तिसऱ्या खंडापर्यंत जन्मालाच येत नाही. पूर्वरंगातच पहाट करणारे एक कीर्तनकारबुवा आमच्या देवळात यायचे, त्यांची आठवण झाली. नायकाच्या टोबीकाकांना नामूर किल्ल्याच्या वेढ्यात जांघेत जखम झालेली. नेमकं कुठे लागलं, असं काकांवर डोळा असलेल्या विधवाबाई वाडमन लाजत विचारतात, तर काका किल्ल्याच्या नकाशावर जागा दाखवणार!

मला नडल्या त्या टीपा. माझ्या प्रतीत त्या सगळ्या पुस्तकाच्या शेवटी होत्या. लॅटिन वचन आलं की मागे, तटबंदीतला शब्द आला की मागे. एक बोट गोष्टीत, एक बोट टीपांत. मी वाचायचो फोंडा-पणजी बसमध्ये, बहुतेक वेळा उभ्याने, म्हणजे एक हात दांडीला. बाणस्तारीला गाडी वळली की टीपांतलं बोट निसटायचं आणि विनोद टीपेसकट जायचा. हसू यायचं ते पणजीला उतरल्यावर, तेही समजल्याचं समाधान म्हणून. टेबलाशी बसून वाचणाऱ्याला कदाचित एवढा त्रास होणार नाही.

सिनेमा दीड तासाचा. त्यात कादंबरी थोडी आणि तिच्यावर सिनेमा काढणाऱ्यांची तारांबळच जास्त. नट स्टीव्ह कूगन नायक होतो, नायकाचा बाप होतो आणि स्टीव्ह कूगनही होतो. टोबीकाका झालेल्या रॉब ब्रायडनपेक्षा आपण उंच दिसावं म्हणून त्याची बुटांच्या टाचांवरून हुज्जत चालते. जत्रेच्या नाटकात तुरा कोणाचा मोठा यावरून रंगपटात रुसवे पाहिलेल्या गोंयकाराला इथे टीप लागत नाही. हां, दोघे एकमेकांच्या तोंडातला शब्द काढून घेत बोलतात, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं लावावीत.

सिनेमानंतर पुस्तक उघडलं ते टीपांकडे न बघता. भरकटणं हीच गोष्ट आहे हे एव्हाना कळलं होतं. अडलं तर अडलं, पुढे. बसमध्ये मोठ्याने हसलो, कंडक्टरने वळून पाहिलं. म्हणून माझं मत, जरा भीतभीतच, आधी सिनेमा.

तोटा एकच. सहाव्या खंडात स्टर्न एक पान कोरं सोडतो: विधवाबाई वाडमन तुमच्या मनातली काढा म्हणतो. सिनेमा आधी पाहिला की तिथे त्यातली वाडमनबाई, म्हणजे नटी गिलियन अँडरसन, येऊन बसते, हलत नाही. माझी प्रत वाचनालयाची. त्या पानावर आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलीने बाई काढून ठेवलीय. कपाळाला ठसठशीत कुंकू, अंबाड्यात अबोलीचा वळेसर.