नॉटिलसबरोबर चार महिने: ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सीज’ मुलांना वाचून दाखवताना

दहा-बारा वर्षांच्या मुलांना ज्यूल व्हर्नची ही कादंबरी वाचून दाखवायची असेल, तर पूर्ण प्रतच घ्या. ४७ प्रकरणं आठवड्याला तीन या बेताने चार महिन्यांत होतात. संक्षिप्त प्रतींत राक्षसी स्क्विड राहतात आणि विज्ञान उडतं. मग नॉटिलस ही एवढी पोलादी पाणबुडी बुडते आणि वर येते कशी, या मुलांच्या पहिल्याच प्रश्नाला पुस्तकात उत्तर सापडत नाही.

इंग्रजी प्रत विकत घेण्याआधी आकड्यांचं प्रकरण उघडा (मूळ पुस्तकात पहिल्या भागातलं तेरावं). पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट लिहिलेली हवी. मर्सिए यांच्या जुन्या अनुवादात ती ०.७ ते ०.८ झाली आहे, म्हणजे पोलाद पाण्यावर तरंगणार! त्या अनुवादात मजकूरही बराच गाळलेला आहे.

याच प्रकरणाला सर्वांत जास्त वेळ द्या. नॉटिलस ७० मीटर लांब, ८ मीटर रुंद. तिचा एक दशांश भाग पाण्यावर असतो, टाक्यांत १५०.७२ टन पाणी घेतलं की ती पूर्ण बुडते. हे दाखवायला एक लिटरची मऊ प्लास्टिकची बाटली आणि औषधाचा काचेचा ड्रॉपर पुरतो. ड्रॉपरमध्ये एवढंच पाणी ओढा, की पेल्यात सोडल्यावर रबराचं टोक जेमतेम वर राहील. मग तो काठोकाठ भरलेल्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की ड्रॉपरमध्ये पाणी शिरतं आणि तो खाली जातो. सोडली की वर येतो. बुडतच नसेल तर आत पाणी कमी आहे किंवा बाटलीत हवा राहिली आहे. तळाशी बसून राहिला तर दोन थेंब काढा.

गोष्ट सांगणाऱ्या प्राध्यापकाचा नोकर कॉन्साय माशांचं वर्गीकरण सांगू लागला की पानं खुशाल उलटा. शीर्षकातल्या २०,००० लीग म्हणजे खोली नव्हे, प्रवास. ४ किलोमीटरचा लीग धरून ८०,००० किलोमीटर. हे आधीच सांगून टाका. पुस्तकातली १६,००० मीटर खोल बुडी मात्र चूक आहे, समुद्र कुठेही ११ किलोमीटरच्या फार खाली जात नाही. नॉटिलसचा कप्तान नेमो दक्षिण ध्रुवाजवळ समुद्रातून पोचतो, तेव्हा नकाशा उघडून तिथे खरं तर अंटार्क्टिका खंड आहे, हे दाखवा.

मन्नारच्या आखातातलं प्रकरण एका बैठकीत वाचा. मोती काढणाऱ्या गरीब पाणबुड्यावर शार्क चाल करून येतो आणि नेमो नुसता खंजीर घेऊन त्याला भिडतो. तो माणूस दडपलेल्या देशाचा आहे आणि शेवटच्या श्वासापर्यंत आपणही त्याच देशाचे, असं नेमो नंतर म्हणतो. असं का, हे व्हर्नच्याच ‘द मिस्टीरियस आयलंड’ या नंतरच्या कादंबरीत कळतं: नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. दोन्ही पुस्तकांतल्या तारखा जुळत नाहीत. मुलांनी ते पकडलं तर व्हर्नची चूक आहे, असं सरळ कबूल करा.