भुसावळच्या हवेत आठ महिने: हलक्या हायड्रेटिंग जेलचा माझा अनुभव

चेहऱ्याला ओलावा देणाऱ्या या जेलची पहिली डबी दिवाळीनंतर घेतली होती, आता चौथी संपत आलीय. सकाळ-संध्याकाळ लावून ५० ग्रॅमची डबी मला दोन महिने जाते. थंडी, उन्हाळा आणि पावसाची सुरुवात, सगळं बघून झाल्यावरच लिहितेय.

मी भुसावळची, नोकरी यावलला, रोज एसटीने जाणं-येणं. माझं नाक-कपाळ तेलकट आणि गाल कोरडे. क्रीम लावलं की दुपारपर्यंत कपाळावर तेल सुटायचं आणि त्यावर धूळ बसायची, म्हणून जेल घेऊन बघितलं.

पहिला महिना वाईट गेला. डिसेंबरात आपल्याकडे रात्री हुडहुडी भरते आणि हवा एकदम कोरडी असते. मी तोंड धुवून, टॉवेलने खसाखसा पुसून जेल लावायचे. दहा मिनिटांत गाल ओढायला लागायचे, हसलं तरी ताण बसायचा. डबी आईला देऊन टाकणार होते. मग कळलं की माझी लावायची पद्धतच चुकत होती. यात ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक अ‍ॅसिड आहे, दोन्हींचं काम पाणी धरून ठेवणं. चेहरा कोरडा, हवाही कोरडी, मग ते धरणार काय? आता चेहरा फक्त टिपते, हनुवटीला थेंब लोंबत असतानाच हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल तळव्यांवर पसरून गालांवर दाबते. थंडीत रात्री त्यावर साध्या क्रीमचा पातळ हात फिरवते, म्हणजे ओलावा उडत नाही. आठवडाभरात गालावरचा पांढरट कोंडा गेला.

खरा उपयोग झाला तो उन्हाळ्यात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. दुपारच्या एसटीत खिडकी उघडली तर झळ, लावली तर घुसमट. तापी ओलांडून केळीच्या बागा लागल्या की जरा ओली झुळूक येते, ती गालांना लगेच कळते. अशा दिवसांत चेहऱ्यावर क्रीम नकोच वाटतं. हे जेल मिनिटभरात जिरतं, चिकटत नाही. रात्री कूलरच्या दमट हवेत ते एकटंच पुरतं. ऑफिसच्या एसीत मात्र चार वाजेपर्यंत गाल पुन्हा ओढतात.

सकाळी घाई चालत नाही. जेलवर लगेच सनस्क्रीन चोळलं की मळ निघावा तशा पांढऱ्या वळ्या सुटतात. बस गाठायच्या गडबडीत दोनदा चेहरा परत धुवावा लागला. आता जेल लावते, डबा भरते, वेणी घालते, मग सनस्क्रीन. ते टाळू नका, जेल उन्हापासून वाचवत नाही. मी ३० च्या वरचं एसपीएफ (सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा) घेते. उन्हाने काळवंडलेलं कपाळही या जेलने उजळलं नाही, त्या आशेने घेऊ नका.

डबी रुंद तोंडाची आहे, बोट घालावं लागतं, ते मला आवडत नाही. मे महिन्यात खिडकीत राहिली तर आतलं जेल पाण्यासारखं पातळ झालं होतं. तेव्हापासून ती माठाशेजारच्या फडताळात ठेवते.

पाऊस लागल्यापासून सकाळी अर्ध्या दाण्याएवढ्या जेलमध्ये भागतं. आईलाही रात्री मीच लावून देते. साठी ओलांडलेल्या तिच्या गालांना मात्र वरून क्रीम लागतंच, बाराही महिने.