अवॉर्ड मिळालं ते सांगतोच, पण त्याआधी या मार्केटिंग एजन्सीनं आमच्या हिशोबाच्या वह्या तपासल्या ते ऐका

आमचा सांगलीत हळद पावडरचा धंदा, वडिलांपासूनचा. मार्केट यार्डातनं राजापुरी घ्यायची, दळायची, पॅक करून विकायची. मार्केटिंगचं सगळं काम विश्रामबागच्या या एजन्सीकडं आहे आणि यंदा आमच्या दोघांच्या कामाला राज्य पातळीवरच्या जाहिरात स्पर्धेत छोट्या ब्रँडच्या गटात सिल्व्हर मिळालं. तेव्हापासून यार्डातले लोक सारखे विचारतायत की एजन्सी कशी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

काम घेतल्यावर ही पोरं आधी सौद्याला येऊन उभी राहिली. सौद्यात व्यापारी काय करतो, पोत्यातनं एक हळकुंड उचलतो, कट्कन मोडतो, आतला रंग बघतो आणि मग भाव बोलतो. ते बघून त्यातली एक मुलगी म्हणाली, "दादा, गिऱ्हाइकाला हे कुठं बघायला मिळतं, त्याच्या हातात तर दळलेलीच येते." त्यातनं ठरलं की प्रत्येक पाकिटात त्याच लॉटचं एक अख्खं हळकुंड घालायचं, छोट्या वेगळ्या पुडीत, आणि वर लिहायचं "मोडून बघा". बास एवढंच, हिरोईन नाही जिंगल नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याचा मान आहेच, पण ते नाव सांगणारे खूप जण आहेत, हळकुंड हातात देणारा माझ्या बघण्यात तरी दुसरा नव्हता.

आणि गंमत म्हणजे पुण्या-मुंबईच्या कितीतरी बायकांनी ते मोडलंच नाही! ओटीला ठेवलं, कुणी देवघरात ठेवलं, वर आम्हाला फोटो पाठवले. एजन्सीनं प्रत्येकीला विचारून, हो म्हणाल्या त्यांचेच फोटो पुढच्या जाहिरातीत घेतले. मला हे फार आवडलं.

आता अवॉर्डचं. "अभिनंदन, तुमची निवड झाली, इतके हजार भरा आणि ट्रॉफी घ्यायला अमक्या हॉटेलात या" असले मेल यार्डात बऱ्याच जणांना येतात, ना एन्ट्री ना ज्युरी, नुसतं पैसे भरा. आमच्या आधीच्या एका एजन्सीचं कपाट असल्या ट्रॉफ्यांनी भरलेलं होतं आणि आमची विक्री आहे तिथंच. खऱ्या स्पर्धेलाही फी असते, नाही असं नाही, पण ती भरून फक्त तपासणीला बसता येतं. जाहिरातीचा परिणाम बघून देतात ते एफी अवॉर्ड १९६८ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, त्याच्या मार्कांत ३० टक्के निव्वळ रिझल्टला असतात आणि जिंकलं तर नाव एजन्सीचं आणि क्लायंटचं, दोघांचं लागतं. सॅव्हलॉनचे साबण मिसळलेले खडू, ज्यानं शाळेतली पोरं हात धुवायला लागली, त्याला २०१८ ला कान्सच्या जाहिरात महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे गटातलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं तेसुद्धा परिणामकारकतेच्या गटात. आम्ही एवढ्या मोठ्या ठिकाणी गेलो नव्हतो, पण आमचा फॉर्म त्याच धर्तीचा होता. अडचण काय होती, काय डोकं लावलं, काय केलं, काय फरक पडला.

तो फॉर्म भरताना ही पोरं आमच्या अकाउंटंटला अक्षरशः चिकटून बसली होती. संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डरी त्यांनी हिशोबातनं बाहेर काढल्या, का तर त्या दरवर्षी येतातच, त्यात आपल्या जाहिरातीचं काय? भाऊ म्हणाला अहो राहू दे की, आकडा मोठा दिसतोय. पोरं नाही म्हणाली. लाइक आणि व्ह्यूज एका ओळीत संपवले आणि सगळा भर एकाच गोष्टीवर, पहिल्यांदा घेतलेलं गिऱ्हाईक परत आलं का. विक्रीचे रुपये बाहेर जायला नकोत म्हणून सगळं टक्क्यांत दाखवलं, तेही आमची लेखी परवानगी घेऊन. एन्ट्रीची फी त्यांनीच भरली. ट्रॉफीची दुसरी कॉपी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते, तीही त्यांनीच घेतली आणि कंदी पेढे घेऊन युनिटवर आली. पेढा पहिला पॅकिंगच्या बायकांना दिला, कारण ती पुडी घालायचं किचकट काम त्यांचंच. आमच्यासारख्यांशी इतकं सरळ वागणारे लोक या लाइनीत कमी भेटतात, मनापासून सांगतो.

या रिव्ह्यूत एक स्टार का कापला तर डिझाइन वेळेवर येत नाही. गुढीपाडव्याची पोस्ट आदल्या रात्री ११ ला हातात आली, त्यात शुद्धलेखन आम्हीच दुरुस्त केलं. रविवारी फोन लागत नाही. आणि कमीत कमी सहा महिन्यांचं काम द्यावं लागतं, नुसतं सणापुरतं घेत नाहीत. भेटायला जाणार असाल तर मागच्या वर्षीची विक्रीची शीट घेऊन जा, पहिल्याच मीटिंगला मागतात.