त्वचारोग ओळखायला शिकवणारा छायाचित्रसंच : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्वचेचे आजार नजरेने ओळखता यावेत यासाठी गेले नऊ महिने मी संगणकावरील एक छायाचित्रसंच वापरत आहे. पडद्यावर छायाचित्र येते, विद्यार्थी दिलेल्या पर्यायांतून निदान निवडतो, बरोबर की चूक ते तत्काळ कळते आणि पुढचे छायाचित्र समोर येते. आजारांचा कोणताही क्रम नसतो. सगळे सरमिसळ येतात.

ही सरमिसळ मला सर्वांत मोलाची वाटते. पूर्वी सोरायसिसच्या तासाला मी सोरायसिसचीच चित्रे दाखवत असे आणि त्या तासाला कोणाचेच उत्तर चुकत नसे, कारण ते फळ्यावर आधीच लिहिलेले असे. तेच विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात गेले की इसब, गजकर्ण आणि सोरायसिस यांत गोंधळून जात. एखादा आजार कसा दिसतो हे त्यांना पाठ होते. शेजारच्या आजारापेक्षा तो वेगळा कुठे दिसतो, हे कोणी शिकवलेच नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यातील एक प्रसंग सांगते. एका विद्यार्थिनीने हाताच्या पाठीवरील कड्यासारखा चट्टा पाहून क्षणार्धात ‘गजकर्ण’ हा पर्याय निवडला आणि उत्तर चुकले. मी त्याशेजारी खऱ्या गजकर्णाचे चित्र उघडले आणि दोन्हींची कडा मोठी करून पाहायला सांगितले. गजकर्णाच्या कडेवर बारीक कोंडा सुटलेला होता. दुसऱ्या कड्याची कडा गुळगुळीत होती आणि मणी ओवावेत तसे लहान, घट्ट उंचवटे तिच्यावर ओळीने दिसत होते. तिने माऊस त्या कडेवरून सावकाश फिरवला आणि म्हणाली, “मॅडम, इथे कोंडा नाहीच.” तो ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर होता, म्हणजे बुरशीशी संबंध नसलेला, कड्यासारखे उंचवटे उठवणारा त्वचेचा दाह. अर्थात कोंडा नाही म्हणून गजकर्ण नाही, असा नियमही करता येत नाही, कारण स्टेरॉइडचे मलम लावत राहिलेल्या रुग्णात कोंडा आणि कडा दोन्ही पुसट होतात. तिथे त्वचेचा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली गजकर्णाची बुरशी शोधावीच लागते.

पहिल्या तीन महिन्यांत विद्यार्थ्यांचा वेग वाढला, पण “कशावरून?” असे विचारले की ते गप्प होत. म्हणून मी संचाच्या वापराची पद्धत बदलली. आता पर्याय निवडण्याआधी प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचे असते : मूळ पुरळ मॅक्यूल (सपाट डाग) आहे, पॅप्यूल (लहान, घट्ट उंचवटा) आहे की व्हेसिकल (पाणी भरलेला लहान फोड), त्याचा पृष्ठभाग आणि कडा कशी आहे, मांडणी कशी आहे आणि शरीराच्या कोणत्या भागावर ते पसरले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश वैद्य रॉबर्ट विलन यांनी पुरळाच्या मूळ रूपावरून त्वचारोगांचे आठ गट पाडले, ती शिस्त आजही तितकीच उपयोगी आहे. या एका वाक्यामुळे वेग घटला खरा, परंतु चूक झाली तर ती नेमकी पाहण्यात झाली की विचारात, हे मला वही उघडताच कळू लागले.

माझी सर्वांत गंभीर तक्रार त्वचेच्या रंगाबाबत आहे. संचातील बहुतेक छायाचित्रे गोऱ्या त्वचेची आहेत. ‘लालसर चट्टा’ शोधायला शिकलेल्या डोळ्याला सावळ्या किंवा काळ्या त्वचेवरील दाह दिसतच नाही, कारण तिथे तो जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो. लायकेन प्लेनसचा (खाजरे, चपटे उंचवटे उठवणाऱ्या आजाराचा) पाठ्यपुस्तकी जांभळा रंगही गडद त्वचेवर बहुधा काळपट-करडा होतो. संचात फिट्झपॅट्रिक प्रकारानुसार, म्हणजे गोऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या त्वचेच्या गटांनुसार, चित्रे निवडण्याची सोय आहे, पण १९७५ साली मांडलेले ते वर्गीकरण मुळात त्वचा उन्हाने भाजते की रापते यावर आधारलेले आहे आणि अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी केलेले आहे. शिवाय गडद त्वचेचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. मी निर्मात्यांना दोनदा कळवले. थोडी चित्रे वाढली, पुरेशी नाहीत. म्हणून रुग्णांची लेखी संमती घेऊन, त्यांची ओळख पटणार नाही अशा रीतीने काढलेली छायाचित्रे मी स्वतः जोडत आहे. तळपायावरच्या मेलानोमाचे (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाचे) चित्रही असेच जोडावे लागले. गडद त्वचेच्या लोकांत मेलानोमा प्रामुख्याने तळहात, तळपाय आणि नखांखाली आढळत असताना संचात मात्र पाठीवरचेच तीळ भरलेले होते.

स्पर्शाची उणीव तर छायाचित्रात राहणारच. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात ज्यूल बारेता या कारागिराने एकोणिसाव्या शतकात घडवलेल्या त्वचारोगांच्या मेणाच्या प्रतिकृतींत उंचवटा किमान दिसत तरी होता. समोरून प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत तोही सपाट होतो. तिरक्या प्रकाशातील छायाचित्रे संचात हवीत.

फिकट चट्ट्यांच्या बाबतीत ही उणीव धोकादायक ठरते. कोडाचा पांढराशुभ्र चट्टा वूड्स दिव्याखाली (अतिनील किरणांच्या तपासणी-दिव्याखाली) आणखी उजळतो, शिब्यांवर हलके खरवडले की भुरभुरीत कोंडा सुटतो आणि कुष्ठरोगाच्या फिकट चट्ट्यात संवेदना कमी झालेली असू शकते. यांतले काहीही साध्या फोटोत दिसत नाही, तरीही संच एकाच चित्रावरून एकच उत्तर मागतो. असे प्रश्न मी चाचणीतून काढून टाकले आहेत आणि त्याच चित्रांखाली “आता काय तपासाल?” एवढेच विचारते.

तांत्रिकदृष्ट्या संच बिनतक्रार चालतो. फक्त मोबाइलचा रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद करायला विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. आमच्याकडे कावीळ नसलेली त्वचाही काही आठवडे पिवळी दिसत होती. पुढच्या सत्रातही मी हाच संच वापरणार आहे, मात्र प्रत्येक तासानंतर त्याच गटाला बाह्यरुग्ण विभागात नेण्याची वेळ वेळापत्रकात आधी राखून ठेवली आहे, आणि सोबत कापसाचा बोळा व भिंग न्यायला सांगितले आहे.