मान्युएल अँटोनियोची गाईडेड फेरी: पैसे स्कोपचे, वेळ एका झाडाची

कोस्टा रिकातल्या या राष्ट्रीय उद्यानात गाईड सक्तीचा नाही. पण स्लॉथच, म्हणजे झाडावर लटकून राहणारा तो अतिशय संथ प्राणी, बघायला जात असाल तर घ्याच. पाचपैकी चार तारे. एक गर्दीपायी कापला.

गाईडला दिलेले पैसे खरं तर त्याच्या तिपाईवरच्या स्कोपचे, म्हणजे लांबचं मोठं करून दाखवणाऱ्या एकडोळी दुर्बिणीचे असतात. वीस मीटर उंचीवर अंगाचा मुटका करून झोपलेला स्लॉथ नुसत्या डोळ्यांना वारुळाच्या ढेकळासारखा दिसतो. आठपट मोठं दाखवणाऱ्या हातातल्या दुर्बिणीतून केस कळतात, स्कोपमधून नख्या मोजता येतात. मोजायच्या त्या पुढच्या पायांच्या. इथे स्लॉथ दोन जातींचे, पुढे दोन नख्यांचा आणि तीन नख्यांचा; मागे दोन्ही जातींना तीनच असतात आणि नवखे नेमके तिथेच चुकतात. पुढे दोन नख्या असलेला दिवसा बहुधा झोपलेलाच सापडतो. तीनवाल्याच्या डोळ्यांपाशी काळी पट्टी असते. पाठीवर नारिंगी ठिगळ आणि त्यात काळी रेघ दिसली तर तो वयात आलेला नर.

बहुतेक गाईड आधी गुआरुमोची (सेक्रोपिया) झाडं धुंडाळतात. पानं विरळ, त्यामुळे आतला प्राणी दिसतो. म्हणून स्लॉथ गुआरुमोवरच राहतो असं मात्र नाही. दाट झाडांतले आपल्याला दिसत नाहीत, इतकंच.

वेळ सकाळी सातची, दार उघडतानाची घ्या. पानांतून मिळणारी ऊर्जा जेमतेम, ती पचायलाही कित्येक दिवस लागतात. अंग गरम ठेवण्यावर ती उधळणं स्लॉथला परवडत नाही. त्यामुळे रात्री पाऊस पडून सकाळी ऊन आलं की तो शेंड्याकडे उन्हाला येतो. दिवसभर झाकोळलेलं असेल तर गोळाच बघावा लागेल. त्यात गाईडचा दोष नाही.

दोष असतो तो घाईचा. दहा-बाराजणांचा गट असला की प्रत्येकाला स्कोपवर अर्धा मिनिट मिळतो, आणि तेवढ्यात स्लॉथची पापणीसुद्धा लवत नाही. बुकिंग करतानाच गटात किती माणसं आहेत ते विचारा. सहाच्या वर नको. एका झाडाखाली वीस मिनिटं थांबणारा गाईड मिळाला तर तीननख्याची मान फिरताना दिसू शकते. मानेत मणके जास्त असल्याने धड न हलवता ती जवळजवळ पाठीमागे वळते. फेरीचे पैसे तिथेच वसूल.

स्कोपला मोबाईल लावून फोटो काढताना मागच्या पांढऱ्या आभाळामुळे प्राणी काळा ठिक्कर येतो. स्क्रीनवर त्याच्या अंगावर बोट टेकवून उजेड वाढवा.

तिकीट फक्त ऑनलाइन, मंगळवारी उद्यान बंद. खाण्याचे पदार्थ दारातच अडवतात. माकडं आणि रॅकून पिशव्या उचकतात, त्यामुळे ते योग्यच. रस्त्यात गाडी अडवून ‘पार्किंग इथेच’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष न देता थेट दारापर्यंत जा. गाईडकडे पर्यटन संस्थेचं ओळखपत्र मागा. स्लॉथ हातात देतो म्हणणारा भेटला तर ओळखपत्र बघायचीही गरज नाही.