सरकणाऱ्या वाळूच्या बेटांसाठी ‘गूगल अर्थ टाइमलॅप्स’

नदीच्या पात्रातील वाळूची बेटे कशी तयार होतात, हे पुस्तकात वाचून जेवढे उमगत नाही, तेवढे ‘गूगल अर्थ’च्या ‘टाइमलॅप्स’ या मोफत सुविधेत काही सेकंदांत उमगते. 1984 पासूनची उपग्रहचित्रे यात वर्षाला एक याप्रमाणे ओळीने सरकतात. मी ब्रह्मपुत्रा निवडली. पात्र रुंदावले की प्रवाहाचा वेग मंदावतो आणि जड वाळू तळाशी बसू लागते. साचलेला ढीग पाण्याला दोन फाट्यांत विभागतो, आणि मग त्याच फाट्यांच्या कडेने पुढची वाळू साचते, अशी ही साखळी असते. एका फिकट पट्ट्यावर नजर खिळवून ठेवली, तेव्हा त्याचे वरच्या प्रवाहाकडचे टोक झिजत होते आणि खालचे लांबत होते. बेट जणू खाली चालत निघाले होते. ज्यांवर हिरवळ धरते ती मात्र अधिक टिकतात, कारण मुळे वाळूला बांधतात आणि गवत-झुडपांत बारीक गाळ अडकतो.

मर्यादा ध्यानात ठेवावी. वर्षभराची चित्रे एकत्र करून एकच चित्र घडवलेले असल्याने पुराच्या ऐन दिवसांतली उलथापालथ, म्हणजे खरी गंमत, येथे दिसत नाही. शिवाय पाणी उतरले की बेट उगाच मोठे भासते. तरीही भूगोलाच्या शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढण्याआधी हे दाखवावेच. वेग सर्वांत कमी ठेवावा. नेहमीच्या वेगात डोळा चुकतो.