कूबर पीडीत ‘काळा ओपल’ घेताय? आधी दगडाची कड बघा

ऑस्ट्रेलियात राहणारी आपली बरीच मंडळी जुलैच्या सुट्टीत गाडीला कॅरव्हॅन (ओढून न्यायचं चाकांवरचं घर) जोडून ओपल रत्नाच्या खाणींच्या कूबर पीडी गावाला जातात. आम्हीही गेलो. तिथे एका माणसाने आम्हाला साडेसहाशे डॉलरला गंडवलं. त्याची पद्धत इतकी सराईत होती की आम्ही काही पहिले नसणार, शेवटचेही नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

ॲडलेडहून हे गाव उत्तरेला साधारण साडेआठशे किलोमीटर. पोर्ट ऑगस्टा सोडलं की स्टुअर्ट हायवे आणि लाल माळरान, दुसरं काही नाही. ग्लेंडॅम्बोनंतर अडीचशे किलोमीटर पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे कॅरव्हॅन ओढत असाल तर तिथे टाकी भरून घ्याच. १९१५ मध्ये सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या १४ वर्षांच्या विली हचिसनला इथे ओपल सापडला आणि गाव वसलं. उन्हाळा इतका कडक की बरेच लोक जमिनीखाली खोदलेल्या घरांतच राहतात. आणि इथल्या खाणी बड्या कंपन्यांच्या नाहीत. एकट्यादुकट्या माणसाने आपला तुकडा नोंदवायचा आणि खोदायचं. म्हणूनच ‘माझी स्वतःची खाण आहे’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं वाटत नाही.

आमच्या शेजारच्या कॅरव्हॅनमधला माणूस साठीचा, बोलायला गोड. घडीच्या टेबलावर त्याने पाण्याच्या बरण्या मांडलेल्या, आत ओपलचे तुकडे चमकत होते. मुलांच्या हातावर त्याने दोन-तीन खडे फुकट ठेवले. गप्पांमध्ये मी सांगितलं की सासूबाईंची रास तूळ आहे, सांगलीच्या ज्योतिषांनी त्यांना शुक्रासाठी ओपल घालायला सांगितलंय. मग त्याने आतून डबी आणली. चांदीची अंगठी, काळाभोर दगड, आत लाल-हिरव्या ठिणग्या. ‘ब्लॅक ओपल, माझ्याच खाणीतला. दुकानदार अर्धे पैसे खातात, मी थेट देतो. उद्या पहाटे निघतोय, कार्ड चालत नाही.’ नवऱ्याने पावती मागितली तेव्हा वहीचं पान फाडून त्यावर ‘ब्लॅक ओपल, कूबर पीडी’ आणि एक मोबाइल नंबर लिहून दिला.

सांगलीला अंगठी पोचली. रत्न अंगाला लागलं पाहिजे म्हणून सासूबाई ती घेऊन नेहमीच्या सोनाराकडे गेल्या, कारण अंगठी मागून चांदीच्या पत्र्याने बंद होती. त्याने दगड काढला, कडेने भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, ‘काकू, हा एक दगड नाही. तीन चिकटवलेत.’

त्याने पाठवलेल्या फोटोत सगळं स्वच्छ दिसतं. वर काचेसारखा पारदर्शक घुमट, मधे कागदाइतका पातळ रंगीत थर, खाली काळा तळ. थरांमधल्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. याला ट्रिपलेट म्हणतात. वरचा घुमट नसेल आणि ओपलची चकती नुसती काळ्या तळावर चिकटवलेली असेल तर डबलेट. दोन्ही राजरोस विकले जातात आणि त्यात गैर काही नाही. गावातल्या चांगल्या दुकानांत तसं लिहिलेलं असतं, किंमतही त्याच मानाने कमी असते. लबाडी आहे ती हेच अखंड ओपल म्हणून खपवण्यात. मागून बंद कोंदण त्यासाठीच होतं, कारण बोटात घातलेल्या अंगठीत कड दिसतच नाही. क्वीन्सलंडच्या बोल्डर ओपलला मागे नैसर्गिक तपकिरी खडक असतो, पण त्याची सांधरेषा वेडीवाकडी असते. सरळ रेघ दिसली की ते माणसाचं काम समजा.

दुसरी खूण त्याच्या बोलण्यातच होती. कूबर पीडीत निघतो तो मुख्यतः पांढरा, फिकट ओपल. काळ्या ओपलसाठी प्रसिद्ध आहे ते न्यू साउथ वेल्समधलं लाइटनिंग रिज. ‘इथल्या माझ्या खाणीतला काळा ओपल’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा आणि दगड कोंदणातून काढून दाखवायला सांगा. बरणीतल्या पाण्याचंही तेच. पाण्यात ओपलचे तुकडे जास्त झळकतात, म्हणून खडा कोरडा करून, उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे बघा.

आपल्याकडे रत्न घालण्याआधी दुधात, गंगाजलात ठेवतात. मग रोजची भांडी, आंघोळ. अखंड ओपलला पाण्याने सहसा काही होत नाही, पण चिकटवलेल्या दगडात कडेने पाणी शिरतं आणि तो धुरकट होतो. सासूबाईंना वाटलं असतं की रत्न लाभलं नाही. खरं सांगते, पैशांपेक्षा मला याचाच जास्त संताप आला.

त्या नंबरवर फोन लागत नाही. कॅरव्हॅन पार्कने गाडीचा नंबर द्यायला नकार दिला. राज्याच्या ग्राहक खात्याकडे तक्रार केली आहे, पण विक्रेत्याचा नोंदणी क्रमांकच नसेल तर शोधायचं कुणाला? इथल्या धंद्याला ११ आकडी एबीएन (ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबर, म्हणजे हाच नोंदणी क्रमांक) असतो, तो सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. एबीएन छापलेली पावती आणि तिच्यावर ‘सॉलिड’ (म्हणजे अखंड ओपल) हा शब्द, एवढं मिळालं नाही तर पैसे देऊ नका. आईबाबा भारतातून आले असतील तर आणखी एक कारण: एकाच विक्रेत्याकडे ३०० डॉलर किंवा जास्त खर्च केला असेल, तर खरेदीनंतर ६० दिवसांच्या आत देश सोडताना विमानतळावर जीएसटी परत मागता येतो, आणि त्यालाही रीतसर पावतीच लागते.

कुणी असा दगड आधीच घेतला असेल तर तो पाण्यात घालण्यापूर्वी जाणकार रत्नपारख्याला कडेने दाखवा, त्याचं मत लेखी घ्या. कार्डाने पैसे दिले असतील तर लगेच बँकेला कळवा. रक्कम उलटवून घेण्याची मुदत ठरलेली असते.